पेटीतील शालू

पुनरुत्थानाच्या सणानंतर घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही धर्मग्रामातील कुटुंबांकडे जातो, तेव्हा बहुतेक घरांत एक पत्र्याची पेटी आढळते. ती खाटेखाली सरकविलेली असते, नाही तर कोपऱ्यात ठेवून, वर चादर टाकून पाहुण्यांच्या बसण्याची सोय केलेली असते. आम्हांलाही कितीतरी वेळा अशाच पेटीवर बसविण्यात आले आहे. पेटीत काय आहे असे विचारले, की घरातील माउली प्रथम विषय टाळते. "काही नाही फादर, जुनेरं हायेत," एवढेच म्हणते. पुन्हा विचारले, की हात पुसते, कुलूप काढते, आणि मग आमचा चहा गार होतो.

आमचा बुलढाणा जिल्हा म्हणजे दोन मुलूख. अजिंठ्याच्या डोंगररांगेने ही वाटणी केलेली आहे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव ही काळ्या मातीची आणि कापसाची गावे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार आणि सिंदखेड राजा. दोन्ही मुलखांत आमची काही वर्षे सेवेत गेली. दोन्हीकडच्या पेट्या आम्ही पाहिल्या. घाटावर असो वा घाटाखाली, पेटीच्या तळाशी असते ते एकच : कोणाच्या तरी आईचे वा आजीचे लग्नातील वस्त्र.

"जुनेर" हा शब्द आम्हांस फार आवडतो. जुने झालेले लुगडे ते जुनेर. पाश्चात्त्य देशांत जुन्या काळचे कपडे हौसेने वापरण्याची चाल पडली आहे आणि त्या कपड्यांना "व्हिंटेज" असे म्हणतात. हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा; अमुक सालच्या द्राक्षारसाचा. ज्यांच्या हाती वेदीवर रोज द्राक्षारस असतो त्या आम्हां धर्मगुरूंना तो शब्द जवळचा वाटावा. परंतु द्राक्षारस जितका जुना तितका त्याचा भाव चढतो, आणि आमच्या घरांतील लुगड्याचे तसे नव्हते. लुगडे आयुष्यभर राबत असे. घडी मोडली, की पहिली काही वर्षे ते सणासुदीचे. मग रोजच्या नेसण्याचे. मध्यभागी विरले, की तेवढा भाग कापून टाकून दोन्ही धड तुकडे जोडायचे; याला दंड घालणे म्हणतात, आणि दंड घातलेले लुगडे नेसून बाहेर पडण्याची लाज गरिबाघरी कोणी बाळगत नसे. त्यानंतर ते जुनेर. जुनेराचे सूत धुऊन धुऊन इतके मऊ झालेले असते, की नव्या जन्मलेल्या बाळाला त्याचेच दुपटे, त्याचेच अंगडे आणि त्याचीच कुंची. मग गोधडी. मग फडके. आणि शेवटी पोतेरे होऊन ते शेणामातीत मिळून जाई. म्हणून आजीचे रोजचे लुगडे सहसा कोणाकडे शिल्लक नाही. शिल्लक आहे ते क्वचित नेसलेले, पेटीत जपलेले एखादेच वस्त्र. जुन्या वस्त्रांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने हे प्रथम ध्यानी घ्यावे : जे टिकले ते सणाचे, जे नाहीसे झाले ते जगण्याचे.

आमच्या जिल्ह्याला कापडाच्या इतिहासात एक विशेष स्थान आहे. दुर्दैवाने ते कापड विणल्याबद्दल नसून कापूस पिकविल्याबद्दल आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे वळली. खामगावची कापसाची पेठ त्यापूर्वीच नावारूपाला आलेली होती. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा झाला, आणि त्याच्या उद्घाटनाला साक्षात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. अवघ्या तेरा किलोमीटरांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय यावा, यावरून त्या कापसाचे मोल ध्यानात येते. गाड्या कापसाच्या गाठी घेऊन मुंबई बंदराकडे जात आणि येताना मँचेस्टरचे धोतर व लुगडे घेऊन येत. गावातील विणकराच्या मागाला ते कापड स्वस्ताईत हरवीत असे. त्या काळी मध्यप्रांत-वऱ्हाडात जाडेभरडे कापड विणण्याचे काम कोष्ट्यांप्रमाणेच महार समाजातील अनेक कुटुंबेही करीत. सूत कातणे आणि पासोडी विणणे हा त्यांच्या पोटाचा एक आधार होता. तो आधार आधी विलायती कापडाने ढिला केला आणि पुढे देशी गिरण्यांनी. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली, आणि मागावरचे हात गिरणीत गेले. आमच्या धर्मग्रामांतील काही घरांची पाळेमुळे अशा विणकर घराण्यांत असतील. पण त्यांच्या पेट्यांत त्यांच्या पूर्वजांनी विणलेला हातभर कपडाही आम्हांस आढळलेला नाही. विणणाऱ्याच्या घरी विणलेले राहात नाही.

मँचेस्टरवाल्यांनी आमची नेसण-पांघरण किती बारकाईने अभ्यासली होती, याचे एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते. जॉन फोर्ब्स वॉटसन नावाच्या गृहस्थांनी १८६६ मध्ये हिंदुस्थानातील कापडांचे नमुने कापून अठरा खंडांत चिकटविले. एका संचात सातशे नमुने, आणि असे वीस संच. त्यांपैकी तेरा विलायतेतील शहरांत ठेवण्यात आले व सात हिंदुस्थानात. हेतू हा, की इंग्रज कारखानदाराने नमुना पाहावा, काठ किती, पदर किती, लांबी किती हे समजून घ्यावे आणि तसेच कापड यंत्रावर काढावे. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट नेमकी आली होती : येथील माणूस शिवलेले कमी आणि नेसलेले जास्त वापरतो. पागोटे, धोतर, उपरणे, लुगडे ही मागावरून उतरतात ती तशीच अंगावर जातात. त्यांना कात्री लागत नाही. दैवाचा खेळ असा, की त्या काळच्या कापडाचा पोत पाहावयाचा तर आज अभ्यासकाला आमच्या हरवलेल्या मागांना स्पर्धेत हरविण्यासाठी बांधलेल्या त्याच खंडांची पाने उलटावी लागतात.

रंगांचेही तसेच. जुन्या लुगड्यांचा तांबडा रंग आलाच्या मुळ्यांपासून काढीत. आलाची लागवड आपल्या भागात होत असे. निळा रंग निळीचा आणि केशरी-गुलाबी छटा करडईच्या फुलांची, ज्याला कुसुंबा म्हणत. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज तरुणाने डांबरापासून जांभळा रंग काढला. १८६८ मध्ये जर्मनांनी मंजिष्ठेतील तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार केला. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. चाळीस वर्षांत रंगाऱ्याची कढई थंड झाली. आलाचा तांबडा रंग धुऊन धुऊन विटकरी होत जातो पण सुटत नाही. स्वस्त पुडीचा तांबडा रंग मात्र शेजारच्या वस्त्रांना डागाळतो. पेटीत दोन तांबडी वस्त्रे एकत्र असतील तर त्यांची वये ओळखण्याची ही एक ढोबळ खूण आहे.

आता ख्रिस्तसभेकडे वळू. वस्त्रांच्या बाबतीत आपल्या ख्रिस्तसभेचे वर्तन सर्वकाळ एकसारखे राहिलेले नाही, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही. येशूसंघाचे फादर रॉबर्ट दी नोबिली १६०६ मध्ये मदुराईला पोहोचले. त्यांनी युरोपियन झगा उतरवून संन्याशाची भगवी वस्त्रे परिधान केली. यावरून वाद माजला. तो रोमपर्यंत गेला, आणि १६२३ मध्ये परमगुरूस्वामी पंधरावे ग्रेगरी यांनी जानवे, शेंडी व चंदन यांसारख्या देशी चालीरीती नव्या ख्रिस्ती लोकांना काही अटींवर पाळू देण्याचा निर्णय दिला. याउलट १७३६ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशनने ख्रिस्ती पुरुषांना धोतर नेसण्यास आणि स्त्रियांना चोळी घालण्यास बंदी करणारा हुकूम काढला. अवघ्या तीन वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि उत्तरेकडील फिरंग्यांचा अंमल संपला. फिरंगी गेले तरी वसईच्या ख्रिस्ती स्त्रियांचे तांबडे लुगडे राहिले, नेसण्याची तऱ्हा राहिली आणि गळ्यातील सोन्याच्या माळाही राहिल्या. गोव्यातील ख्रिस्ती स्त्रियांनी तर पाणो-भाजू नावाचा स्वतःचा वेश घडविला, आणि मांडो नृत्याच्या वेळी तो आजही दिसतो. हुकूमनामे कागदावर असतात, निऱ्या स्त्रियांच्या हातांत.

आमच्या वऱ्हाडात ख्रिस्ती वस्ती विरळ आणि मिश्रही. कोणी रेल्वेच्या नोकरीने आले, कोणी शिक्षिका वा परिचारिका म्हणून, कोणी येथलेच शेतमजूर. अमरावती धर्मप्रांत नागपूर धर्मप्रांतातून १९५५ मध्ये वेगळा झाला, त्या काळी येथील मिशनकेंद्रे अत्यंत गरीब होती. मिस्साची वस्त्रे विकत आणायची म्हणजे मोठा खर्च. त्या वेळचे नियम असे, की मिस्साच्या वेळी सर्वांत वर घालावयाचा झगा, म्हणजे चॅझुबल, रेशमाचा असावा. आतील पांढरा आल्ब आणि वेदीवरील वस्त्रे लिननची असावीत. लिनन होते जवसाच्या देठातील धाग्यापासून. येथे गंमत पाहावी : वऱ्हाडात जवस शेतोशेत पिकत असे, परंतु आम्ही त्याचे तेल काढले आणि चटणी केली. लिनन मात्र युरोपातून आले! रेशमाचा प्रश्न भाविकांनीच सोडविला. कोणी लग्नातला शालू दिला, कोणी शेला दिला, आणि शिवण जाणणाऱ्या धर्मभगिनींनी त्यांतून झगे शिवले. सहावारी-नऊवारी लांबीच्या अखंड वस्त्राला प्रथमच कात्री लागली ती अशी, वेदीसाठी.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद आली. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या उपासनाविषयक घटनेने वस्त्रांच्या बाबतीत भपक्यापेक्षा साधे उदात्त सौंदर्य असावे असे सांगितले, आणि प्रत्येक देशाच्या धर्माध्यक्षांना कापड व आकार यांत स्थानिक गरजेप्रमाणे बदल करण्याची मोकळीक दिली. १९६७ मध्ये डाव्या मनगटावरील मॅनिपल नावाची पट्टी आवश्यक राहिली नाही. १९६९ मध्ये भारतासाठी बारा मुद्द्यांची जी अनुकूलने मंजूर झाली, त्यांत साधा झगा आणि अंगवस्त्र यांना परवानगी मिळाली. हे सर्व स्वागतार्हच होते, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर फारच. परंतु नव्याच्या उत्साहात जुने कपाटाच्या तळाशी गेले. त्याच घटनेत, जुन्या मूल्यवान उपासनावस्तू परक्यांच्या हाती जाऊ नयेत वा नष्ट होऊ नयेत याची धर्माध्यक्षांनी दक्षता घ्यावी, असेही एक कलम आहे. सेमिनरीत असताना ते आम्ही परीक्षेपुरते वाचले होते.

येथे आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९९९ साल होते. दोन हजार सालच्या महाज्युबिलीनिमित्त सर्वत्र रंगरंगोटी आणि साफसफाई चालली होती. आम्ही नुकतीच गुरुदीक्षा घेऊन साहाय्यक धर्मगुरू म्हणून जिल्ह्यातील एका लहान धर्मग्रामात रुजू झालो होतो. सॅक्रिस्टीतील कपाट उघडले, तर खाली जुन्या झग्यांचा ढीग : काळे, जांभळे, एक तांबडा. कसर लागलेली, उंदरांनी कोपरे कुरतडलेले, अस्तर लोंबत असलेले. आशीर्वादित वस्तू निकामी झाली तर ती टाकू वा विकू नये, जाळावी आणि राख पायदळी येणार नाही अशा जागी पुरावी, असे आम्हांस शिकविले होते. आम्ही तसेच केले. कोणालाही विचारले नाही. ज्येष्ठ फादर रजेवर होते आणि आम्ही नियमाने वागत होतो.

रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, हे त्या दिवशी कळले. दुसरे हे कळले, की खरी जर जळत नाही. आग विझल्यावर राखेत काळवंडलेली तार राहिली होती, आणि त्या तारेत कुयऱ्यांची वेल क्षणभर जशीच्या तशी दिसली. झग्याला असा काठ कोण लावील, असा प्रश्न मनात आला खरा. पण खड्डा खणून झाला होता.

पेन्टेकॉस्टच्या रविवारी मिस्सा झाल्यावर एक आजी सॅक्रिस्टीच्या दाराशी आल्या. वय सत्तरीच्या पुढे. "फादर, मायच्या शालूचा तो तांबडा झगा कुठी हाय?" त्यांनी विचारले. त्यांचे वडील खामगावच्या जिनात फिटर होते. कापसाच्या एका चांगल्या हंगामात त्यांनी लग्नासाठी शालू घेतला होता. आई वारल्यावर लेकीने तो मिशनला दिला, कारण तेव्हा येथे तांबडा झगाच नव्हता. वर्षातून एकदा, पवित्र आत्म्याच्या सणाला, आईचा शालू वेदीवर दिसतो म्हणून त्या दूरच्या खेड्यातून येत. काही वर्षे आजारपणामुळे आल्या नव्हत्या. आम्ही खरे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. एवढेच म्हणाल्या, "राख कुठी पुरली?" आम्ही कडुनिंबाखालची जागा दाखविली. त्या तेथे थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि बस पकडण्यासाठी निघून गेल्या.

पुढे वाचन करताना असे आढळले, की आमच्यासारखे जाळणारे पुष्कळ होऊन गेले आहेत आणि प्रत्येकाजवळ कारण होते. १९०५ मध्ये पुण्यात आणि १९२१ मध्ये मुंबईला परळ येथे विलायती कापडांची होळी झाली. ती स्वातंत्र्यासाठी होती, आणि तिच्यावर टीका करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु पैठण्यांचे जे जळित झाले ते केवळ धातूसाठी. जुनी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. "जुनी जर, जुने शालू" असे ओरडत दारोदार फिरणारे लोक आमच्या लहानपणीही येत. वस्त्र वजनावर घेत, जाळत आणि चांदी काढीत. भांड्यांच्या बदल्यात कपडे नेणारी बोहारीण त्यामानाने दयाळू म्हणावी. ती वस्त्र निदान दुसऱ्याच्या अंगावर तरी पोहोचवीत असे. शंभर वर्षे टिकलेली पैठणी दोन स्टीलच्या पातेल्यांत गेली, असे सांगणाऱ्या गृहिणी आमच्याच धर्मग्रामात आहेत. पदरावरचे मोर विणायला विणकराला महिनेच्या महिने लागले होते, याचा हिशेब तराजूत कोणी घातला नाही. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली, तोवर किती पदर वितळून गेले होते कोण जाणे.

तेव्हा घरात जे शिल्लक आहे ते कसे राखावे, याविषयी काही सांगणे आमचे कर्तव्य वाटते. चुकून चुकून जे शिकलो तेच सांगतो.

रेशमाचा पहिला शत्रू म्हणजे त्याची स्वतःची घडी. एकाच रेषेवर वीस वर्षे दुमडून ठेवलेला शालू एके दिवशी त्या रेषेवरच फाटतो. म्हणून तीन-चार महिन्यांनी तो उलगडावा आणि घडीची जागा बदलावी. खिळ्याला वा खुंटीला टांगू नये, कारण जरीच्या वजनाने रेशीम तुटते. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नये; आत दमट कोंडतो आणि बुरशी येते. जुन्या, धुतलेल्या, रंग न दिलेल्या मलमलीत गुंडाळावा. आजीच्या जुनेराहून चांगली मलमल कोणती? पावसाळा संपला, की आश्विनात दोन दिवस बाहेर काढावा, पण सावलीत. ऊन लोकरीला मानवते, रेशमाला नाही. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत. वेखंडाचे तुकडे, लवंगा वा कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवावा, वस्त्राच्या पोटात नव्हे. जरीवर अत्तर वा सेंट कधीही फवारू नये. इस्त्री करायचीच असेल तर उलट्या बाजूने, मध्ये सुती कापड घालून. धुण्याचा मोह टाळावा. डाग पडलाच तर कोपऱ्यावर रिठ्याच्या पाण्याचा थेंब टाकून रंग सुटतो का ते प्रथम पाहावे.

चांदीच्या दागिन्यांनाही हेच लागू आहे. खामगाव चांदीच्या व्यापारासाठी नावाजलेले असल्यामुळे आमच्या भागातील घरांत तोडे, वाळे, जोडवी, कंबरपट्टा यांपैकी काहीतरी असतेच. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाने. म्हणून दागिन्यांच्या पुडीला रबरबँड लावू नये, कारण रबरात गंधक असते. चिंच आणि राख घेऊन दर सणाला घासण्याची जी सवय आहे ती जरा आवरावी. प्रत्येक घासण्यात चांदीचा कण जातो, नक्षी गुळगुळीत होत जाते. काही ठिकाणी काळेपणा राहू द्यावा. नक्षी त्यामुळेच उठून दिसते.

सॅक्रिस्टीतील झग्यांविषयी एक स्वतंत्र सूचना. युरोपातून आलेले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे रेशीम वरून चांगले दिसले तरी हात लावताच चिरफाळते, असा अनुभव येतो. यात उंदरांचा दोष नाही. रेशमावरील डिंकासारखा थर काढला, की त्याचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटते. ते भरून काढण्यासाठी कारखानदार कथिलाचे क्षार त्यात मुरवीत. तोच क्षार पुढे रेशमाला आतून खातो. असे वस्त्र घालू नये, घडीही करू नये. सपाट पसरून ठेवावे आणि धर्मप्रांताला कळवावे. गोव्यात १९९४ मध्ये राशोल सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले. ते पुढे जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात गेले, आणि तेथे उपासनावस्त्रेही जतन केलेली आहेत. ज्यांना शक्य आहे त्यांनी जुन्या गोव्याच्या यात्रेत तेथे अर्धा तास काढावा.

अलीकडे जुने नेसण्याची आवड वाढली आहे. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीस सिंदखेड राजाला जो जनसागर लोटतो, त्यात नऊवारी नेसलेल्या मुली आणि फेटे बांधलेले तरुण दिसतात. त्यांतील पुष्कळ नऊवाऱ्या शिवलेल्या असतात, पायजम्यासारख्या चढवायच्या; फेटेही तयार टोपीसारखे. आम्हांस प्रथम हे विचित्र वाटले. मग विचार केला, की ज्या मुलीला काष्टा घालण्यास कोणी शिकविलेच नाही तिने काय करावे? दोष असला तर शिकविण्याआधी पेटीला कुलूप लावणाऱ्या आमच्या पिढीचा आहे. गोव्यात वेंडेल रॉड्रिक्स या वेशकाराने विस्मृतीत गेलेल्या कुणबी साडीला पुन्हा मागावर आणले आणि २०१२ मध्ये गोव्याच्या वेशभूषेवर ग्रंथ लिहिला. २०२० मध्ये ते निवर्तले. वऱ्हाडच्या लुगड्याला असा कोणी अद्याप भेटलेला नाही.

त्या आजी पुन्हा एकदा आल्या होत्या. कडुनिंबाखाली उभ्या राहिल्यानंतर दोनेक महिन्यांनी, भर पावसात. हातात पिशवी आणि पिशवीत फडक्यात गुंडाळलेला शालूचा एक तुकडा. झगा शिवताना उरलेला, पदराचा, वीतभर रुंद आणि दोन हात लांब. धर्मभगिनींनी तेव्हा तो परत दिला होता आणि आजींनी तो चाळीसहून अधिक वर्षे पेटीत ठेवला होता. "हा ठेवा," त्या म्हणाल्या. "जाळू नका."

तो तुकडा तेव्हापासून आमच्याजवळ आहे. आमच्या बदल्या झाल्या, तशी त्याचीही बदली झाली. आजी आता नाहीत. गेल्या वर्षी त्यांच्या नातीचे लग्न ठरले आणि ती आमचा पत्ता शोधीत आली. पणजीच्या शालूचा तो तुकडा लग्नाच्या दिवशी आपल्या पदराला लावता येईल का, असे तिने विचारले. आम्ही आठवडाभर उत्तर दिले नाही. रेशीम विरलेले होते, सुईच्या प्रत्येक टोच्याने ते आणखी उसवणार. शेवटी एका धर्मभगिनीने मार्ग काढला. तुकड्यामागे धुतलेल्या मलमलीचा आधार दिला, रेशमी धाग्याने केवळ मलमलीच्या कडेवर टाके घातले, जुन्या रेशमातून सुई जाऊ दिली नाही. काठावर बारीक जाळी ताणून तो पकडून ठेवला. मुलीने तो खांद्यावर, पदराच्या वरच्या घडीत लावला आणि मिस्साच्या तासाभरापुरता घातला.

जेवणापूर्वीच तिने तो उसवून आमच्या हातात परत दिला. जरीच्या वेलीत तिच्या गजऱ्याची एक पाकळी अडकली होती. ती हलक्या हाताने काढली, तुकडा दोन दिवस सावलीत पसरून ठेवला आणि या खेपेस घडी उलट्या बाजूने घातली.